शिडाची नौका आणि तिच्यावरील विजेचा सांठा

शिडाच्या नौकेला चालविणारी शक्ति वारा होय, आणि वाऱ्याला पैसे पडत नाहींत. त्यामुळें किनाऱ्यावरून पाहणाराला असें वाटतें कीं, शीड उभारलें आणि सुकाणू हातीं घेतलें, म्हणजे नौकेला दुसऱ्या कशाचीहि गरज उरली नाहीं. दिवसाउजेडीं, किनारा डोळ्यांसमोर असतांना हें पुष्कळसें खरेंहि आहे. परंतु सूर्य मावळला कीं देखावा बदलतो. कोकणच्या किनाऱ्यासमोरून रात्रीं मोठीं मालवाहू जहाजें जात असतात, मच्छीमारांचे ट्रॉलर जाळीं ओढीत असतात, आणि त्यांच्यामधून वाट काढणारी तीस-पस्तीस फुटांची नौका इतरांना दिसावी अशी इच्छा असेल, तर तिच्यावर दिवा हवा. समुद्रावरील टकरी टाळण्यासाठीं १९७२ सालीं जे आंतरराष्ट्रीय नियम ठरले, त्यांप्रमाणें सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत डाव्या बाजूस तांबडा, उजव्या बाजूस हिरवा आणि पिछाडीस पांढरा दिवा जळत राहिला पाहिजे. वीस मीटरांहून लहान अशा शिडाच्या नौकेला हे तिन्ही रंग डोलकाठीच्या टोकावरील एकाच दिव्यांत एकत्र करण्याची मुभा आहे. मध्यरात्रीं तो एक दिवा विझला, तर नौका समुद्रावर असूनहि नसल्यासारखी होते, आणि ज्या जहाजाला वळण्यासाठींच मैलभर पाणी लागतें, त्याला ती वेळेवर दिसण्याची आशा धरणें व्यर्थ आहे.

दिव्याखेरीज इतरहि कामें विजेवर अवलंबून असतात. बंदराशीं आणि इतर जहाजांशीं बोलण्याची व्ही. एच. एफ. बिनतारी, जवळच्या जहाजांचीं नांवें व दिशा दाखविणारें ए. आय. एस. यंत्र, पाण्याची खोली मोजणारें यंत्र, नकाशा दाखविणारा पडदा, माणूस थकला असतां सुकाणू धरणारें स्वयंचलित यंत्र, आणि तळाशीं सांचणारें पाणी उपसणारा पंप, हीं सर्व एकाच सांठ्यावर पोसलीं जातात. तो सांठा म्हणजे बॅटरी. नौकेवर ती बहुधा बाकाखालीं, दृष्टीआड असते, आणि दृष्टीआड असलेल्या वस्तूची जी अनास्था होते, तीच तिच्याहि वांट्याला येते.

या विषयाशीं मुंबईचा एक जुना संबंध आहे. एकट्यानें आणि वाटेंत कोठेंहि न थांबतां पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला दर्यावर्दी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा ज्या नौकेतून गेला, ती 'सुहेली' मुंबईंतच सागवानी लांकडाची बांधली गेली होती. तो १४ जून १९६८ रोजीं इंग्लंडमधील फालमथ बंदरांतून निघाला आणि २२ एप्रिल १९६९ रोजीं तेथेंच परत आला. दक्षिण महासागरांत बॅटरीची तपासणी करीत असतां तिच्यांतील ॲसिड त्याच्या डोळ्यांत उडालें. डोळा धुऊन, औषध घालून त्यानें प्रवास चालू ठेविला. पुढें त्याची बिनतारीहि निकामी झाली, आणि न्यूझीलंड मागें टाकल्यानंतर चार महिन्यांहून अधिक काळ तो जिवंत आहे कीं नाहीं हें जगाला कळलें नाहीं. विजेचा सांठा हाताळणें हें दर्यावर्द्याच्या कर्तव्यांपैकीं एक आहे, आणि त्यांत धोकाहि आहे, हें या एका प्रवासावरून दिसून येतें. त्यानंतर गोव्यांत बांधलेल्या 'म्हादेई' आणि 'तारिणी' या नौकांनीं भारतीय आरमारांतील स्त्री-पुरुषांना पृथ्वीप्रदक्षिणा घडविली. २०२४ सालच्या ऑक्टोबरांत गोव्याहून निघालेली 'तारिणी' २०२५ च्या मे महिन्यांत दोन महिला अधिकाऱ्यांसह परतली. महिनेच्या महिने किनारा न दिसणाऱ्या अशा प्रवासांत वीज संपली तर ती विकत घेण्यास दुकान नसतें.

नौकेच्या मालकाचा पहिला प्रश्न बहुधा असा असतो कीं, कोणती बॅटरी घ्यावी. हा प्रश्न वास्तविक तिसरा आहे. पहिला प्रश्न, वीज रोज किती खर्च होते? दुसरा, ती रोज किती मिळवितां येते? या दोहोंचीं उत्तरें कागदावर उतरल्याशिवाय घेतलेली बॅटरी कितीहि भारी असली, तरी दोन-तीन हंगामांत निकामी होते, आणि दोष मात्र कारखानदाराला दिला जातो. शिशाच्या बॅटऱ्यांच्या बाबतींत तर असें म्हटलें पाहिजे कीं, त्यांतील पुष्कळशा वय झाल्यामुळें जात नाहींत. त्या अर्धपोटीं राहून राहून जातात. असें कां होतें, हें समजण्यासाठीं बॅटरीच्या पोटांत काय आहे तें पाहिलें पाहिजे.

शिशाची बॅटरी गास्तों प्लान्ते या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८५९ सालीं तयार केली. एवढ्या काळांत तिच्यांत सुधारणा पुष्कळ झाल्या, पण मूळ रचना तीच राहिली. पातळ केलेल्या गंधकाम्लांत, म्हणजे बाजारांतील ॲसिडांत, दोन प्रकारचे पत्रे बुडविलेले असतात. एका पत्र्यावर शिशाचें तपकिरी ऑक्साईड असतें, दुसऱ्यावर सच्छिद्र शिसें असतें. बॅटरी वीज देऊं लागली कीं दोन्ही पत्र्यांवर शिशाचें सल्फेट जमूं लागतें आणि ॲसिड पातळ होत जातें. उलट दिशेनें वीज भरली कीं सल्फेट विरघळतें, पत्रे पूर्वस्थितीला येतात आणि ॲसिड पुन्हां तीव्र होतें. अशा एका घटाचा दाब सुमारें दोन व्होल्ट असतो. सहा घट एकापुढें एक जोडले म्हणजे बारा व्होल्टची बॅटरी होते. नुकतेंच जमलेलें सल्फेट बारीक कणांचें असतें आणि सहज विरघळतें. परंतु बॅटरी रिकामी किंवा अर्धी रिकामी ठेवून दिली, तर त्या कणांचे मोठे, टणक स्फटिक बनतात, आणि मग कितीहि वीज भरली तरी ते विरघळत नाहींत. पत्र्याचा तेवढा भाग कायमचा बाद होतो. घागरीच्या तळाशीं गाळ सांचून तिच्यांत पाणी कमी कमी मावावें, तसा हा प्रकार आहे.

आतां खर्चाचा हिशेब. एक अँपिअरचा प्रवाह एक तास घेतला, म्हणजे एक अँपिअर-तास वीज खर्च झाली. मुंबईहून गोव्याला निघालेल्या तेहतीस-चौतीस फुटी नौकेचें उदाहरण घेऊं. समुद्रमार्गें हें अंतर सव्वादोनशें सागरी मैलांच्या आसपास आहे. ताशीं पांच मैलांची गति धरली तर पंचेचाळीस तास, म्हणजे जवळजवळ दोन दिवस लागतात. डोलकाठीवरील आधुनिक एल. ई. डी. दिवा पाव ते तीन-दशांश अँपिअर घेतो. अकरा तासांच्या रात्रींत त्याचे तीन अँपिअर-तास झाले. नुसती ऐकत बसलेली बिनतारी अर्धा अँपिअर घेते, तिचे दिवसाचे बारा. नकाशाचा पडदा, ए. आय. एस. आणि खोलीमापक मिळून दोन अँपिअर, त्यांचे अठ्ठेचाळीस. स्वयंचलित सुकाणू सरासरी तीन अँपिअरनें बारा तास चाललें तर छत्तीस. शीतपेटी पांच अँपिअरनें दिवसांतून एकूण दहा तास चालली तर पन्नास. पंखा, आंतील दिवे आणि फोन भरणें यांचे पंधरा. एकूण बेरीज १६४ होते. म्हणजे रोजची गरज १६५ अँपिअर-तासांची धरावी लागेल.

हा आंकडा पाहून मोठी बॅटरी घेण्यास धांवण्यापूर्वीं बेरजेकडे पुन्हां एकदां पाहावें. सर्वांत मोठे खर्च शीतपेटीचे आणि पडद्याचे आहेत. शीतपेटी या प्रवासापुरती बंद ठेविली तर गरज ११५ वर येते. जुन्या तऱ्हेचा पंचवीस वॅटचा दिवा डोलकाठीवर असता, तर त्यानें एका रात्रींत तीनऐवजीं तेवीस अँपिअर-तास खाल्ले असते. वांचविलेली वीज ही भरावी लागत नाहीं, सांठवावी लागत नाहीं आणि तिचें वजनहि नौकेला वाहावें लागत नाहीं.

त्यानंतर सांठा किती हवा हें ठरतें. बॅटरीवर शंभर अँपिअर-तास असा आंकडा छापलेला असला, तर त्याचा अर्थ बहुधा असा असतो कीं, वीस तासांत, म्हणजे पांच अँपिअरच्या संथ प्रवाहानें, ती तेवढी वीज देईल. प्रवाह वाढविला तर एकूण वीज कमी मिळते. हा नियम पॉयकर्ट या जर्मन शास्त्रज्ञानें १८९७ सालीं मांडला. शंभराच्या साध्या बॅटरींतून पंचवीस अँपिअर घेऊं लागलें, तर ती चार तास न पुरतां तीन तासांच्या आंतच संपते. शिवाय शिशाची बॅटरी निम्म्याखालीं वारंवार उतरविली तर तिचें आयुष्य झपाट्यानें घटतें. म्हणून छापील आंकड्याचा निम्माच भाग आपला समजावा. १६५ च्या गरजेसाठीं, एका दिवसाचा सांठा म्हणून, ३३० हवेत. आणि प्रवासांत बॅटरी शेंकडा ८० च्या वर क्वचितच भरली जाते, हें लक्षांत घेतलें तर खरोखर हाताशीं येणारा भाग तिसऱ्या हिश्श्याहूनहि थोडा कमी राहतो. तेव्हां ५५० ची तरी सोय करावी लागेल, किंवा मग खर्च आटपावा लागेल.

येथें आणखी एक भेद ध्यानांत ठेवणें अवश्य आहे. नौकेवर लहानसें डिझेल इंजिन असतें, आणि तें सुरू करण्यास कांहीं क्षणांपुरता शेंकडों अँपिअरचा प्रवाह लागतो. त्या कामाची बॅटरी पातळ आणि पुष्कळ पत्र्यांची असते. ती एकदम जोर करते, पण खोल उपसा तिला सोसत नाहीं. दिवे आणि यंत्रें यांच्यासाठीं जाड पत्र्यांची, सावकाश उपसली जाणारी बॅटरी लागते. मोटारीची बॅटरी स्वस्त मिळते म्हणून ती दिव्यांना जोडणें हें शर्यतीच्या घोड्याला नांगराला जुंपण्यासारखें आहे. दोन कामांच्या दोन बॅटऱ्या वेगळ्या असाव्यात, आणि रात्रीं दिव्यांनीं आपला सांठा संपविला तरी इंजिनाच्या सांठ्याला त्यांचा हात लागूं नये अशी जोडणी असावी. भरतेवेळीं दोघींना एकत्र आणणारा आणि इंजिन थांबतांच अलग करणारा रिले बाजारांत मिळतो. जोडणी हाताच्या खटक्यानें होत असेल, तर इंजिन चालू असतांना तो खटका 'बंद' या खुणेवरून फिरवूं नये. तसें केल्यास आल्टरनेटरच्या आंतील भाग क्षणांत जळूं शकतात.

बॅटऱ्यांचे प्रकार मुख्यतः चार. पहिला उघड्या ॲसिडाचा, ज्यांत वरून पाणी घालावें लागतें. ही सर्वांत स्वस्त, आणि पाण्याकडे लक्ष दिलें तर चिवट. परंतु नौका वाऱ्यानें एका कुशीवर तीस अंश कलते, त्या वेळीं ॲसिड सांडण्याची भीति असते, आणि भरतांना हायड्रोजन वायु सुटतो. शहरांतील घरोघरीं इन्व्हर्टरखालीं जी उंच ट्यूब्युलर बॅटरी दिसते, ती याच कुळांतील आहे. ती खोल उपसा चांगला सोसते, पण तिची उंची आणि वजन लहान नौकेला अवघड जातें. दुसरा प्रकार जेलचा, ज्यांत ॲसिड घट्ट केलेलें असतें. तिसरा ए. जी. एम., ज्यांत तें कांचतंतूंच्या गादींत शोषून ठेविलेलें असतें. या दोन्हीं बंद असतात, कलल्या तरी सांडत नाहींत, आणि त्यांत पाणी घालावें लागत नाहीं. पण जादा दाबानें भरल्या तर आंतील ओलावा उडून जातो आणि तो परत घालण्याची सोय नसते. ए. जी. एम. जलद भरते, म्हणून इंजिन थोडा वेळच चालविणाऱ्याला ती सोयीची. बंद बॅटरीला देखभाल लागत नाहीं असें दुकानदार सांगतो. त्याचा अर्थ एवढाच कीं तिला पाणी लागत नाहीं. पोटभर भरली जाण्याची गरज तिलाहि तितकीच आहे.

चौथा प्रकार लिथियमचा. त्या शोधाबद्दल २०१९ सालचें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तिघांना मिळालें. नौकेसाठीं त्यांतील लिथियम-आयर्न-फॉस्फेट हा पोटप्रकार वापरतात, कारण तो इतर लिथियम प्रकारांहून अधिक स्थिर आहे. तेवढ्याच उपयोगी विजेसाठीं याचें वजन शिशाच्या तिसऱ्या हिश्श्याहूनहि कमी भरतें, शेंकडा ऐंशीपर्यंत उपसा करतां येतो, आणि भरणें व उपसणें यांचे काहीं हजार फेरे तो सहन करतो. वरील उदाहरणांतील १६५ ची गरज २०० अँपिअर-तासांच्या लिथियम बॅटरीनें जवळजवळ भागेल. स्वभावानें हा शिशाच्या उलट आहे. अर्धवट भरलेल्या स्थितींत राहणें शिशाला मारक, तर लिथियमला तें मानवतें. उलट तो गच्च भरून, उष्णतेंत, महिनोन् महिने ठेवून दिला तर झिजतो.

परंतु नुसती जुनी बॅटरी काढून तिच्या जागीं ही ठेवून भागत नाहीं. लिथियमची भूक मोठी असल्यामुळें ती आल्टरनेटरकडून सतत पूर्ण प्रवाह ओढते, आणि आल्टरनेटर तापून जळूं शकतो. तिच्या पोटांत एक इलेक्ट्रॉनिक पहारेकरी असतो. धोका दिसतांच तो बॅटरी एकदम तोडतो. भरणें चालू असतांना असें झालें तर विजेचा दाब उसळून इतर यंत्रें बिघडतात, आणि रात्रीं झालें तर पूर्वसूचना न देतां सगळे दिवे जातात. म्हणून लिथियम घेणारानें आल्टरनेटर आणि बॅटरी यांच्यामध्यें प्रवाहाला आळा घालणारा चार्जर बसवावा, दिवा आणि बिनतारी यांच्यासाठीं एक लहान शिशाची बॅटरी राखून ठेवावी, आणि विमा उतरविणाऱ्या कंपनीला आधींच विचारून घ्यावें. हा सर्व खर्च धरून किंमत कितीशी होते, तें पाहून निर्णय करावा. आठवड्यांतून एक दिवस बंदराबाहेर जाणाऱ्या नौकेला साधी शिशाची बॅटरी पुरेशी आहे. महिनेच्या महिने नौकेवर राहणाऱ्याला लिथियमचा खर्च फिटतो.

निवड झाली, आतां जागा. बॅटरी नौकेच्या तळाकडे, पण सांचलेल्या पाण्याच्या पातळीच्या वर, आणि शक्य तर इंजिनाच्या उष्णतेपासून दूर असावी. शिशाच्या बॅटरीचें आयुष्य २५ अंश सेल्सियसच्या वर दर दहा अंशांना सुमारें निम्म्यानें घटतें, आणि आपल्या किनाऱ्यावर इंजिनाच्या कोठडींत चाळीस अंश सहज होतात. ती पेटींत बसवून पट्ट्यांनीं घट्ट जखडावी. नौका आडवी झाली तरी ती जागची हलतां कामा नये. ॲसिडांत समुद्राचें पाणी मिसळलें तर क्लोरीन हा विषारी वायु तयार होतो, ही गोष्ट पाणबुड्यांच्या इतिहासानें दाखविली आहे. हायड्रोजन हवेहून हलका असल्यानें पेटीला वरच्या बाजूस वाट ठेवावी. हवेंत तो शेंकडा चार झाला कीं एक ठिणगी पुरते. मुख्य फ्यूज बॅटरीपासून वीतभराच्या आंत हवा, कारण त्याच्या अलीकडे तार घासून उघडी पडली तर आग थांबविणारें कांहीं नसतें. तारा जाड, आणि कल्हई केलेल्या तांब्याच्या असाव्यात. साधें तांबें खाऱ्या हवेंत हिरवें पडून आंतून कुजतें. दोन-तीन बॅटऱ्या शेजारीशेजारी जोडावयाच्या असतील, तर त्या एकाच जातीच्या आणि एकाच वयाच्या घ्याव्यात. धन तार एका टोकाच्या बॅटरीवरून आणि ऋण तार दुसऱ्या टोकाच्या बॅटरीवरून काढावी, म्हणजे सर्वांवर सारखा भार पडतो.

भरण्याची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. रिकामी होत आलेली शिशाची बॅटरी आरंभीं भराभर वीज घेते. शेंकडा ऐंशीच्या सुमारास तिची भूक मंदावते, आणि उरलेला पांचवा हिस्सा भरण्यास पहिल्या भागाइतके, किंबहुना अधिक, तास लागतात. चारशें अँपिअर-तासांचा सांठा निम्म्यावरून ऐंशीपर्यंत नेण्यास साठ अँपिअरच्या आल्टरनेटरला दोन तास पुरतात. पुढचे वीस टक्के मात्र चार तासांतहि पुरे होतीलच असें नाहीं. एवढा वेळ इंजिन कोण चालवितो? म्हणून तें बंद केलें जातें, बॅटरी ऐंशीवर राहते, दुसऱ्या दिवशीं पुन्हां तेंच, आणि आंत सल्फेट टणक होत जातें. यावर सौर पत्र्यासारखा उपाय नाहीं. शंभर वॅटचा पत्रा आपल्याकडील उन्हांत, पावसाळा सोडून, दिवसाला तीस अँपिअर-तासांच्या आसपास देतो. चारशें वॅटचे पत्रे असतील तर ११५ ची गरज जवळजवळ त्यांतच भागते. इंजिन चालवावयाचें असेल तर तें पहाटे चालवावें, भूक मोठी असेल तोंवर, आणि शेवटचा सावकाश भाग दिवसभराच्या उन्हावर सोडावा. संध्याकाळीं नव्हे, कारण मग तो शेवटचा भाग रोज राहून जातो. पत्र्यावर डोलकाठीची किंवा दोराची सांवली पडली तरी उत्पन्न फार घटतें, तेवढी दक्षता ठेवावी.

भरण्याचा दाब उघड्या बॅटरीला १४.४ व्होल्टच्या आसपास आणि जेलला त्याहून किंचित् कमी लागतो. नेमका आंकडा कारखानदाराच्या कागदावरून घ्यावा. बॅटरी तापलेली असेल तर दर दहा अंशांना सुमारें पाव व्होल्ट कमी करावा लागतो. चांगले चार्जर हें स्वतः करतात, फक्त त्यांची उष्णता मोजणारी तार बॅटरीला चिकटविलेली असली पाहिजे. ती पुष्कळदां खोक्यांतच राहते.

नित्याची निगा अगदीं साधी आहे. नौका कांहीं तास शांत असेल, कांहीं भरत नसेल आणि कांहीं जळत नसेल, अशा वेळीं दाब मोजावा. १२.७ व्होल्ट म्हणजे पूर्ण भरलेली, १२.२ च्या सुमारास अर्धी, ११.९ म्हणजे जवळजवळ रिकामी. लिथियमच्या बाबतींत हें माप फसवें आहे, कारण तिचा दाब शेवटपर्यंत फारसा बदलत नाहीं. तिला आवक आणि जावक मोजणारा मीटरच लागतो. उघड्या बॅटरींत महिन्यांतून एकदां प्रत्येक घटाची घनता हायड्रोमीटरनें पाहावी. पूर्ण भरलेल्या घटांत ती १.२६ ते १.२८ असते, रिकाम्यांत १.१२ च्या आसपास. उष्ण प्रदेशासाठीं कांहीं कारखानदार मुद्दाम सौम्य ॲसिड भरतात, म्हणून त्यांचा आंकडा प्रमाण मानावा. पांच घट सारखे आणि एक मागें पडलेला दिसला, तर बॅटरी बदलण्याची वेळ जवळ आली असें समजावें. पाणी फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावें, आणि तें बॅटरी भरून झाल्यावर. पत्रे उघडे पडलेले असतील तरच आधीं, आणि तेंहि ते बुडण्यापुरतें. ॲसिड कधींहि घालूं नये, कारण उडून जातें तें पाणी. टर्मिनलांवर पांढरी-हिरवी बुरशी दिसली तर खाण्याचा सोडा पाण्यांत कालवून ती धुवावी, सोड्याचें पाणी घटांत जाऊं देऊं नये, मग टर्मिनल कोरडें करून, घट्ट आवळून, व्हॅसलीनचा हात द्यावा. काम करतांना डोळ्यांवर चष्मा असावा, अंगठी आणि घड्याळ काढून ठेवावें, पान्याच्या दांड्याला रबरी पट्टी गुंडाळावी. ऋण तार आधीं काढावी आणि शेवटीं जोडावी. जवळ स्वच्छ पाण्याची बादली असावी. 'सुहेली'वरील प्रसंगानें ती कां, हें सांगण्याची गरज ठेविली नाहीं.

जून महिना लागला कीं मुंबई बंदरांतील शिडाच्या नौका बहुधा किनाऱ्यावर ओढल्या जातात आणि नवरात्राच्या सुमारास पुन्हां पाण्यांत उतरतात. बॅटऱ्यांचा घात याच चार महिन्यांत होतो. वापर नसला तरी उघडी शिशाची बॅटरी उष्ण हवेंत महिन्याला शेंकडा पांच किंवा त्याहून अधिक वीज आपोआप गमावते. त्यांतच तळाचें पाणी उपसणारा पंप किंवा एखादा विसरलेला दिवा जोडलेला राहिला, तर ती पार रिकामी होते. म्हणून ओढण्यापूर्वीं शिशाची बॅटरी पूर्ण भरावी, सर्व तारा सोडवाव्यात, शक्य तर ती घरीं आणून कोरड्या, हवेशीर जागीं ठेवावी, आणि दर महिन्याला एकदां पूर्ण भरावी. लिथियम मात्र अर्ध्यावर ठेवावी आणि मधून मधून पाहावी.

हें सर्व ऐकणाऱ्यांपैकीं फारच थोड्यांची स्वतःची नौका असेल. परंतु श्रोत्यांपैकीं अनेकांच्या घरीं जिन्याखालीं किंवा गॅलरींत इन्व्हर्टरची बॅटरी आहे, आणि तिचे नियम तेच आहेत. वीज जाणें कमी झालें म्हणून तिच्याकडे वर्ष-वर्ष कोणी पाहत नाहीं. पाणी आटतें, पत्रे उघडे पडतात, टर्मिनल बुरसटतात, आणि घरांत आजारी माणूस असतांना एखाद्या रात्रीं ती दहा मिनिटांत मान टाकते. नौकेवरील चांगला तांडेल बॅटरीच्या पेटीशेजारीं एक लहान वही टांगून ठेवतो. तिच्यांत चार रकाने असतात: तारीख, दाब, घनता आणि घातलेलें पाणी. महिन्याला एक ओळ लिहिण्यास पांच मिनिटें लागतात. आंकडे हळूहळू खालीं येऊं लागले कीं वही तें दोन-तीन महिने आधीं सांगते, आणि नवी बॅटरी बंदरांत, दिवसाउजेडीं, भाव पाहून घेतां येते. घरच्या बॅटरीशेजारींहि तशी वही टांगण्यास हरकत नाहीं.